गाडीतला आवाज – भाग ७ : पोर्ट बुजवताना
मागच्या भागात पोर्टवाल्या पेटीचं गणित पाहिलं. पोर्टमधली, म्हणजे पेटीच्या भोकात बसवलेल्या नळीतली, हवा एका ठरावीक कंपनसंख्येला, साधारण ३५ ते ४५ हर्ट्झला, जोरात हलते आणि तिथे आवाज फुगतो. दुकानात हाच फुगवटा भुरळ घालतो. पण त्या संख्येच्या खाली स्पीकरच्या कोनला हवेचा आधार उरत नाही. तो मोकाट हलतो आणि आवाज दर सप्तकाला २४ डेसिबलने कोसळतो.

बंद पेटीत ही घसरण १२ डेसिबलचीच असते, कारण आत कोंडलेली हवाच स्प्रिंगचं काम करते. अमेरिकेत एडगर विल्चर यांनी १९५४ मध्ये याच तत्त्वावर घरगुती स्पीकर बाजारात आणला. गाडीत तर याचा दुप्पट फायदा. चाकणला तयार झालेल्या पोलोसारख्या लहान गाडीत काचा वर केल्या की खालचा बेस केबिनच उचलून धरते. म्हणून ढोलकीची थाप ऐकायची असेल, नुसता घुमारा नको असेल, तर गाडीत माझं मत बंद पेटीलाच.

मात्र पोर्टच्या तोंडावर फळी ठोकली की झालं, असं नाही. पोर्टवाली पेटी मुळात मोठी असते. तेवढ्या हवेची स्प्रिंग मऊ पडते आणि कोनला पुरेसा आवर बसत नाही. समजा, पेटीची आतली मापं ६०, ३५ आणि २५ सेंटीमीटर आहेत. म्हणजे साडेबावन्न लिटर. बारा इंची सबवूफरला कंपनीने बंद पेटीसाठी तीसएक लिटर सांगितले असतील, तर ४० सेंटीमीटरवर १८ मिलिमीटर एमडीएफचा आडवा पडदा घाला. स्पीकरच्या बाजूला ३५ लिटर उरतात. स्पीकरने व्यापलेली जागा वजा करा, माप जमलं. पोर्ट पलीकडच्या कप्प्यात जात असेल तर तो वेगळा बुजवायलाही नको, फक्त त्याची नळी पडद्याच्या जागेत येत असेल तर आधी काढा. स्पीकरच्याच बाजूला पोर्ट असेल तर नळी काढून त्या भोकात एमडीएफची चकती फेव्हिकॉल आणि स्क्रूने बसवा.

पडद्याच्या चारही कडांना आतून सिलिकॉन भरा. वायरचं टर्मिनल विसरू नका. हवा हमखास तिथूनच निसटते. तळेगाव-चाकण रस्त्यावर रोज दणके खाणाऱ्या पेटीचे जुने सांधेही याच वेळी भरून घ्या. सिलिकॉन २४ तास वाळू द्या, मगच स्पीकर फोमची पट्टी लावून बसवा. ओल्या सिलिकॉनची वाफ स्पीकरच्या भागांना चांगली नाही. नंतर बेस वाजत असताना सांध्यांजवळ पेटती उदबत्ती फिरवा. धूर थरथरला की तिथे गळती आहे. कारपेटपासून उदबत्ती लांब धरा.

४० हर्ट्झच्या आसपासचा आवाज आता थोडा कमी वाटेल. म्हणून अ‍ॅम्प्लिफायरचा गेन पिळू नका, कॉइल जळते.

एमडीएफ कापण्याआधी मात्र एक करा. पोर्टमध्ये जाड फोम घट्ट कोंबून आठवडाभर गाडी ऐका आणि सबवूफरच्या कागदावर क्यूटीएस हा आकडा शोधा. तो ०.३ च्या आसपास असेल, तर तो स्पीकर पोर्टसाठीच बनलेला आहे. त्याची पेटी बंद करू नका.