चावी दिली म्हणजे गाडी विकली, असं नाही

जबलपूरहून बोलतोय. मन लावून राखलेली जुनी गाडी विकायची तर कशी विकावी, असं तुमच्यापैकी बऱ्याच जणांनी विचारलं होतं. गेल्या हिवाळ्यात ती वेळ माझ्यावरच आली. तेव्हा जे केलं, तेच आज सांगतो.

उघड्या टपाची क्लासिक गाडी म्हटलं की आपल्याला संस्थानिकांची रोल्स-रॉइस नाहीतर मर्सिडीज आठवते. आमच्या गावाची उघडी गाडी वेगळी. तिचं नाव जोंगा. निसान पेट्रोलच्या परवान्यावर ती इथल्या व्हेईकल फॅक्टरीत सैन्यासाठी बनायची. फॅक्टरी १९६९ची. जोंगा हे नाव म्हणजे ‘जबलपूर ऑर्डनन्स अँड गन कॅरेज असेंब्ली’ या इंग्रजी शब्दांची आद्याक्षरं. १९९९च्या सुमारास तिचं उत्पादन थांबलं. गाद्या कडक, एसी नाही. पण सहा सिलिंडरचं, जवळजवळ चार लिटरचं पेट्रोल इंजिन आणि काढून ठेवता येणारं कॅनव्हासचं छत. आमच्या घरात तरी यापेक्षा मोठी चैन कधी झाली नाही.

बाबा १९७१मध्ये त्या फॅक्टरीत फिटर म्हणून लागले. १९९१मध्ये त्यांनी सैन्याच्या लिलावातून निघालेली एक जोंगा घेतली. आता ते ७६ वर्षांचे आहेत, गुडघ्यांमुळे क्लच दाबवत नाही. मी दिवसभर कामावर. गाडी नुसती उभी राहून खराब होण्यापेक्षा चालवणाऱ्याकडे गेलेली बरी, हा निर्णय त्यांचाच.

पहिली गोष्ट, जाहिरातीतले शब्द. ‘व्हिंटेज’ लिहायचा मोह होतो. पण केंद्र सरकारच्या २०२१च्या नियमांनुसार व्हिंटेज म्हणजे पहिल्या नोंदणीला ५० वर्षं झालेली आणि मूळ स्वरूपात राखलेली गाडी. तिची नवी नोंदणी करायला २०,००० रुपये शुल्क, नंबरात ‘व्हीए’ ही अक्षरं, आणि ती रोजच्या वापराला काढता येत नाही; प्रदर्शन, रॅली, दुरुस्ती, पेट्रोल भरणं एवढ्यापुरतीच. आमची गाडी बनली सत्तरच्या दशकात, पण आरसीवर तारीख १९९१ची. म्हणून मी फक्त ‘जुनी जोंगा, मूळ इंजिन’ एवढंच लिहिलं.

दुसरी गोष्ट, पुरावा. ‘फार जपली आहे’ असं सगळेच म्हणतात. आमच्याकडे बाबांची वही होती. तेल कधी बदललं, कार्ब्युरेटर कधी उघडला, सगळं तारखेनिशी. सोबत लिलावाचा कागद, आरसी, विमा, पीयूसी. नोंदणी पहिली १५ वर्षं चालते, पुढे दर ५ वर्षांनी नूतनीकरण. ते सगळे कागद क्रमाने लावले. चेसिस नंबरावर कागद ठेवून पेन्सिलीने छाप घेतला आणि आरसीशी ताडून पाहिला. मेकॅनिककडून सहाही सिलिंडरचं कॉम्प्रेशन मोजून घेतलं. छत ओलं असताना कधी घडी घातलं नव्हतं, म्हणून बुरशी नव्हती. फोटो मात्र खालूनही काढले, जिथे पत्र्याला गंज आहे तिथले.

तिसरी गोष्ट, ग्राहक येण्याआधी इंजिन गरम करून ठेवू नका. जुन्या गाडीची खरी तब्येत थंड इंजिन चालू करतानाच कळते. जाणकार माणूस बॉनेटला आधी हातच लावून बघतो.

दोन ग्राहक पक्के झाले. एक जुन्या गाड्यांचा दलाल. तो दुसऱ्यापेक्षा ४०,००० जास्त देत होता, रोख, त्याच दिवशी. अट एकच: फॉर्म २९ आणि ३० वर सह्या करून द्या, खरेदीदाराचं नाव कोरं ठेवा. “नाव बाद में चढ़ जाएगा, भैया.”

मंडळी, इथेच सावध व्हा. नाव चढेपर्यंत आरटीओच्या दफ्तरी मालक तुम्हीच असता. सर्वोच्च न्यायालयाने २०१८मध्ये असंच एक प्रकरण पाहिलं. गाडी एका हातातून दुसऱ्या हातात विकली गेली होती, पण नोंदणी पहिल्याच मालकाच्या नावावर होती. अपघाताच्या भरपाईची जबाबदारी त्याच नोंदणीकृत मालकावर आली. ४०,००० रुपयांसाठी ही टांगती तलवार कोण घेणार? मी नाही म्हटलं. खरं सांगतो, त्या रात्री झोप लागली नाही. रक्कम लहान नव्हती.

दुसरा ग्राहक नागपूरचा, तिशीतला. भेडाघाटापर्यंत गाडी चालवून आला. मी काही बोलायच्या आत बाबाच म्हणाले, “थंडीत दुसरा गिअर अडखळतो. जोर लावू नकोस, क्लच पुन्हा एकदा दाब.” मी मनात म्हटलं, झालं, आता भाव पाडणार. तो म्हणाला, “काका, तुम्ही स्वतः सांगितलंत, आता बाकीचं मी तपासत नाही.” भाव पाडला नाही.

व्यवहार असा केला. आधी इसार आणि साधा करार. गाडी दुसऱ्या राज्यात जाणार, म्हणून फॉर्म २८ भरून ना-हरकत प्रमाणपत्राचा अर्ज. त्याआधी कर आणि चालान बाकी नाहीत हे पाहिलं. प्रमाणपत्र येईपर्यंत गाडी आमच्याच अंगणात. उरलेली रक्कम बँकेतून. गाडी देताना तारीख आणि वेळ घालून पावती, दोघांच्या सह्या. विक्री राज्यातच असेल, तर विकणाऱ्याने १४ दिवसांत आरटीओला कळवायचं असतं. राज्याबाहेरच्या विक्रीत ४५ दिवसांत ना-हरकत प्रमाणपत्र पोचवायचं. विमाही नव्या मालकाच्या नावे झाला का, ते विचारा.

गाडी गेली त्या दिवशी बाबांनी वही दिली नाही. मला वाटलं, जीव अडकलाय. काही आठवड्यांनी त्या मुलाने नव्या आरसीचा फोटो पाठवला, त्याच्या नावाचा. बाबांनी चष्मा लावून नाव आणि चेसिस नंबर वाचला, वहीत शेवटची ओळ लिहिली, ‘गाडी विकली’, आणि मला म्हणाले, “आता कुरिअर कर.”

तुमचीही विक्री त्याच ओळीपाशी पूर्ण होते. तोवर नाही. भेटू पुढच्या भागात.