पंधरा एप्रिलची वाट

अमेरिकेतल्या पीएचडीचे बहुतेक अर्ज डिसेंबर-जानेवारीत भरून होतात. उद्देशपत्र, गुणपत्रिका, बहुधा तीन शिफारसपत्रं... सगळं अपलोड झालं की विद्यार्थ्याच्या हातात वाट पाहण्याखेरीज काही उरत नाही. एप्रिलमध्ये न्यूयॉर्कला संध्याकाळचे पाच वाजतात तेव्हा पुण्यात रात्रीचे अडीच. त्यामुळे इकडे निकालाची ईमेल पुष्कळदा झोपेतून उठल्यावरच दिसते.

पण उत्तर इतकं लांबतं कशामुळे?

अनेक विद्यापीठांनी ‘कौन्सिल ऑफ ग्रॅज्युएट स्कूल्स’च्या एका ठरावाला मान्यता दिली आहे. शिष्यवृत्ती किंवा असिस्टंटशिप देऊ केलेल्या विद्यार्थ्याला त्यानुसार १५ एप्रिलपर्यंत विचार करायची मुभा मिळते. त्याआधी होकाराची सक्ती करता येत नाही. ही तरतूद मोलाचीच. पाच-सहा वर्षांचा निर्णय घाईत घ्यायला लावणं अन्यायाचं ठरलं असतं. मात्र तिची झळ प्रतीक्षायादीवरच्यांना बसते. एकाच विद्यार्थ्याने तीन जागा धरून ठेवल्या, तर दोन अडकतात आणि मागचे ताटकळत राहतात.

म्हणून ज्यांचं ठरलं आहे, त्यांनी १५ तारखेची वाट न पाहता नको असलेल्या जागांना लगेच नकार कळवावा.