साहाय्यक प्रोसेसरांचे नियंत्रण आणि उत्तरदायित्वाचा प्रश्न

एकाच चिपवर परस्परांहून भिन्न जातींचे प्रोसेसर बसविण्याची पद्धत आता रूढ झाली आहे. टेक्सस इन्स्ट्रुमेंट्स या कंपनीची एएम-३३५८ ही चिप उदाहरणादाखल घ्यावी. २०१३ साली निघालेला बीगलबोन ब्लॅक हा छोटा संगणक तिच्यावरच उभारलेला आहे. तिच्यातील मुख्य प्रोसेसर १ गिगाहर्ट्झ गतीने लिनक्स चालवितो. त्याच्या शेजारी पीआरयू या नावाचे दोन लहान प्रोसेसर २०० मेगाहर्ट्झ गतीने चालतात. गतीच्या आकड्यांवरून मात्र त्यांची योग्यता ठरवू नये. स्मृतीशी व्यवहार करणाऱ्या सूचना सोडल्या, तर पीआरयूची सूचना ५ नॅनोसेकंदांत पुरी होते आणि तिच्या आड दुसरे कोणतेही काम येत नाही. शेकडो कामे आळीपाळीने उरकणाऱ्या मुख्य प्रोसेसरला अशी हमी देता येत नाही. मोटारीला नेमक्या क्षणी स्पंद पुरविण्यासारखी कामे पीआरयूकडे जातात ती याच कारणाने.

तथापि पीआरयूला स्वतःहून काही आरंभ करता येत नाही. त्याच्या सूचनांसाठी असलेली ८ किलोबाइटांची स्मृती वीज येते तेव्हा रिकामी असते. तिच्यात प्रोग्रॅम भरणे आणि प्रोसेसर सुरू करणे ही दोन्ही कृत्ये मुख्य प्रोसेसरच्या बाजूनेच व्हावी लागतात. (हे नाते अटळ आहे असे मात्र नाही. १९६४ सालच्या सीडीसी ६६०० या यंत्रात संचालन-प्रणालीचा बराच भाग दहा परिधीय प्रोसेसरांवर चाले आणि मध्यवर्ती प्रोसेसर त्यांच्या आज्ञेत राही.) आता ही कृत्ये कर्नलने करावयाची, की कर्नलबाहेर वापरकर्त्याच्या क्षेत्रात चालणाऱ्या साध्या प्रोग्रॅमने, हा विचारणीय प्रश्न होय.

आरंभी पीआरयूच्या बाबतीत दुसरा मार्ग प्रचारात होता. यूआयओ या यंत्रणेद्वारे कर्नल पीआरयूची स्मृती व रजिस्टरे प्रोग्रॅमच्या पत्त्यांच्या क्षेत्रात आणून ठेवी. पुढचे सर्व प्रोग्रॅमनेच पाहावयाचे. प्रयोगशाळेत ही सोय फार आवडली, आणि ते स्वाभाविकही होते. परंतु पीआरयू मुख्य स्मृतीपर्यंत पोहोचू शकतो, आणि त्याच्या वाटेवर पत्त्यांची तपासणी करणारे कोणी नसते. तेव्हा ज्याच्या हाती पीआरयू, त्याच्या हाती वस्तुतः संपूर्ण यंत्र आले. कर्नलला या व्यवहाराची वार्ताही नसे.

लिनक्सच्या ३.४ या आवृत्तीत, म्हणजे २०१२ साली, रिमोटप्रॉक नावाची चौकट आली. पुढे पीआरयूही तिच्या कक्षेत आला. येथे प्रोग्रॅम रजिस्टरांना हात लावीत नाही. कर्नलने सिसएफएसमध्ये मांडलेल्या ‘फर्मवेअर’ नावाच्या फाइलीत तो साहाय्यक प्रोसेसरच्या प्रोग्रॅमचे नाव लिहितो आणि ‘स्टेट’ या फाइलीत ‘स्टार्ट’ हा शब्द लिहितो. कर्नल तो प्रोग्रॅम शोधून त्याचे भाग योग्य स्मृतीत उतरवितो, त्याच्यासोबतच्या साधन-तक्त्यात काय मागितले आहे ते पाहतो आणि मग प्रोसेसर मोकळा करतो. प्रोसेसर चालू असताना फर्मवेअरचे नाव बदलू पाहिल्यास नकार मिळतो. इच्छा प्रोग्रॅमने व्यक्त करावी आणि कृती कर्नलने करावी, अशी ही विभागणी आहे व ती योग्यच म्हटली पाहिजे.

तरीही एक उणीव राहिली, आणि ती किरकोळ नव्हे. ‘स्टार्ट’ लिहून झाले की फाइल बंद होते. आज्ञा कोणी दिली याची नोंद तीत उरत नाही. समजा, मोटारीची गती ठरविणारा प्रोग्रॅम काही दोषामुळे मध्येच कोसळला. कर्नल त्याची स्मृती परत घेईल, त्याच्या उघड्या फाइली मिटवील. पण पीआरयू त्याच्या मालकीचा म्हणून कोठेच नोंदलेला नाही. तो शेवटच्या आज्ञेप्रमाणे स्पंद देतच राहील. बिघडलेल्या साहाय्यक प्रोसेसरला पुन्हा उभे करण्याची तरतूद रिमोटप्रॉकमध्ये आहे; पण येथे साहाय्यक ठणठणीत असून आज्ञा देणाराच नाहीसा झाला आहे.

यावर २०२० सालच्या ५.९ या आवृत्तीत उपाय आला. प्रत्येक साहाय्यक प्रोसेसरसाठी एक उपकरण-फाइल देण्याची सोय झाली. तिच्यातही ‘स्टार्ट’ आणि ‘स्टॉप’ हेच शब्द लिहावयाचे. भेद एवढाच, की ही फाइल प्रोग्रॅम उघडी धरून ठेवतो आणि ती मिटताच प्रोसेसर बंद व्हावा असे कर्नलला आधीच सांगून ठेवू शकतो. प्रोग्रॅम कसाही संपो, सक्तीने मारला जावो, त्याच्या फाइली मिटविणे हे कर्नलचे नित्यकर्मच आहे. मरणाऱ्याच्या सहकार्याची गरज उरत नाही, आणि नवी देखरेख-यंत्रणाही उभारावी लागत नाही. युनिक्स परंपरेतील एका जुन्या नियमाचा इतका समर्पक उपयोग क्वचितच दिसतो. मात्र प्रोग्रॅमने अपत्य-प्रक्रिया निर्माण केली असल्यास तिच्याकडेही तीच उघडी फाइल वारशाने जाते. शेवटची प्रत मिटेपर्यंत कर्नलच्या दृष्टीने फाइल मिटलेलीच नसते. या तपशिलाकडे दुर्लक्ष केल्यास सारा उपाय निष्फळ ठरेल.

शिवाय ‘थांबणे’ या शब्दाचा अर्थही यंत्रागणिक बदलतो. पीआरयूच्या बाबतीत कर्नल नियंत्रण-रजिस्टरातील एक बिट पुसतो आणि सूचनांचा प्रवाह त्या जागी थबकतो. पिनवरचा संकेत सुरक्षित पातळीवर आणणे त्या आज्ञेत अंतर्भूत नाही. एसटीएम३२एमपी१५७ या चिपवरील कॉर्टेक्स-एम४ प्रोसेसरसाठी असलेल्या चालकात थांबविण्यापूर्वी मेलबॉक्समार्फत तसा निरोप देण्याची सोय आहे. त्याच्या उत्तराची मर्यादित काळ वाट पाहिली जाते, व त्या अवधीत एम४वरील प्रोग्रॅमला आपली उपकरणे आवरून ठेवता येतात. पीआरयूवर असा निरोप जात नसल्यामुळे मोटारीचा प्रवाह तोडण्याची व्यवस्था पिनच्या पलीकडे, विद्युत्-मंडलातच करावी लागते.