चाकांवरचं घर आणि उणे तीसची थंडी

थंडीच्या दिवसांत खोबरेल तेलाची बाटली उन्हात ठेवावी लागते, हे तुम्हां सर्वांना ठाऊक आहे. आता अशी जागा डोळ्यांसमोर आणा, की जिथं नळाचं पाणीच काय, भिंतीला टेकलेली गादीसुद्धा भिंतीला गोठून चिकटते! आणि ती भिंत असते जेमतेम दोन इंच जाडीची. कारण हे घर म्हणजे मुळी घर नव्हेच. ती आहे उन्हाळी सहलीसाठी बनवलेली, चाकांवरची गाडी.

अमेरिकेच्या उत्तरेला नॉर्थ डकोटा नावाचं राज्य आहे. तिथं मिसुरी नदीजवळ विलिस्टन हे गाव. 2008 नंतर या भागात जमिनीखाली सुमारे तीन किलोमीटर खोल असलेल्या खडकातून तेल काढण्याची धांदल उडाली. देशभरातून माणसं कामाला धावली. 2010 च्या जनगणनेत गावाची वस्ती होती 14,716. घरं आणायची कुठून? 2014 च्या सुमारास घरभाड्यात या आडगावानं न्यूयॉर्कलाही मागं टाकल्याच्या बातम्या आल्या. मग कितीतरी जणांनी अशा गाड्यांतच बिऱ्हाड थाटलं. काहींच्या बरोबर बायका-मुलंही होती. आणि याच भागातल्या पार्शल गावी 1936 च्या फेब्रुवारीत पारा उणे 51 अंश सेल्सियसपर्यंत उतरला होता! एवढी नाही, तरी उणे तीसची थंडी इथं अधूनमधून पडतेच.

या गाडीचा पहिला शत्रू म्हणजे खालून वाहणारा वारा. म्हणून गाडीच्या भोवती, जमिनीपर्यंत, गवताच्या पेंढ्या किंवा फोमचे तक्ते लावतात. जणू गाडीला परकरच नेसवतात म्हणा ना! पाण्याच्या नळीवर विजेची तापणारी तार गुंडाळतात. पाणी गोठताना सुमारे नऊ टक्के फुगतं आणि नळी तडकते, म्हणून ही खटपट.

इथं एक गंमत आहे. गाडीतली गॅसची भट्टी खोलीबरोबरच जमिनीखालच्या पोकळीतही ऊब पाठवते आणि पाण्याचे पाइप तिथूनच जातात. कुणी गॅस वाचवायला नुसता विजेचा हीटर लावला, तर खोली उबदार राहते खरी, पण खालचे पाइप गोठतात. सांडपाण्याचंही तसंच. टाकीची तोटी उघडी ठेवली, तर थेंब थेंब गळणारं पाणी वाटेतच गोठून नळी तुंबते. म्हणून टाकी भरू द्यायची आणि मग एकदम रिकामी करायची. काम घाणेरडं, पण कुणीतरी उणे तीसमध्ये बाहेर जाऊन करायलाच हवं!

आता गॅसचं पाहू. आपल्या स्वयंपाकाच्या सिलिंडरमध्ये ब्युटेन आणि प्रोपेन यांचं मिश्रण असतं. शून्य अंशाच्या जरा खाली गेलं, की ब्युटेनची वाफ होईनाशी होते. म्हणून लडाखच्या हिवाळ्यात सिलिंडर रुसतो. तिकडच्या गाड्यांत प्रोपेन वापरतात. तो उणे 42 अंशांना उकळतो. पण थंडी जसजशी वाढेल, तसतसा त्याचाही दाब कमी होतो. भट्टी सतत चालली, तर चौदा-एक किलोचा सिलिंडर एक-दोन दिवसांत संपतो. आपल्या घरी तेवढाच गॅस महिनाभर पुरतो, आईला विचारा हवं तर!

सगळ्यांत मोठा धोका मात्र डोळ्यांना दिसत नाही. थंडी शिरू नये म्हणून फटी बुजवल्या आणि ऊब मिळावी म्हणून शेगडी पेटवून ठेवली, की कार्बन मोनॉक्साइड साचतो. त्याला रंग नाही, वास नाही. झोपलेलं माणूस झोपेतच जातं. त्यासाठी गाडीत धोक्याची घंटा बसवलेली असते. शिवाय छतावरची खिडकी थोडी उघडी ठेवावीच लागते, कारण श्वासातली आणि स्वयंपाकाची वाफ बाहेर गेली नाही, तर भिंती पाझरतात आणि रात्री तेच पाणी गोठतं. गादी चिकटते ती यामुळेच. आमच्या चौथीच्या वर्गात हे सांगितलं, तेव्हा एकीनं विचारलं, "बाई, एवढ्या थंडीत मुद्दाम खिडकी उघडायची?" हो, उघडायची!

2014 च्या अखेरीस तेलाचे भाव कोसळले आणि अनेकांनी गाड्या जोडून परतीची वाट धरली. काही जण मात्र तिथंच पक्क्या घरांत राहिले. 2020 च्या जनगणनेत विलिस्टनची वस्ती 29,160 भरली.