चित्रपटाचा सूर, गती आणि नावीन्य : समीक्षकांच्या कसोट्या

सुरत शहराची ख्याती जर, कापड आणि हिरे यांच्या व्यापारामुळे दूरवर पसरलेली आहे. त्यातील जरीचा धंदा ज्यांच्या आडनावातच विणला गेला होता, अशा एका कुटुंबात ९ जुलै १९३८ रोजी या शहरात हरिहर जेठालाल जरीवाला यांचा जन्म झाला. रसिकांनी त्यांना ओळखले ते संजीवकुमार या नावाने. अवघे सत्तेचाळीस वर्षांचे आयुष्य लाभलेल्या या अभिनेत्याचे ६ नोव्हेंबर १९८५ रोजी निधन झाले. सुरतेत आज त्यांच्या नावाचे भव्य नाट्यगृह उभे आहे. तापीच्या काठाने आणि लोहमार्गाने खानदेशातून येऊन उधना, लिंबायत या भागांत स्थिरावलेल्या मराठी कुटुंबांनाही हे नाव परके नाही.

संजीवकुमार यांच्या चित्रपटांकडे केवळ आठवणींसाठी पाहावे असे नाही. चित्रपटाचे परीक्षण कोणत्या कसोट्यांवर केले जाते, हे समजून घेण्यास त्यांच्याइतकी सोयीची उदाहरणे क्वचितच सापडतील. वृत्तपत्रांतील परीक्षणांत ‘सूर हरवला’, ‘गती मंदावली’, ‘कल्पना उसनी वाटते’ ही वाक्ये वारंवार आढळतात. वाचकास ती पुष्कळदा परीक्षकाच्या वैयक्तिक आवडीनिवडी वाटतात, आणि कित्येकदा त्या तशा असतातही. परंतु या शब्दांमागे निश्चित प्रश्न असतात. ते नीट विचारले गेले नाहीत, तर एखाद्या कलाकृतीवर ‘नक्कल’ असा शिक्का बसतो किंवा एखादा कंटाळवाणा चित्रपट केवळ संथ आहे म्हणून कलात्मक ठरतो.

सूर

कथा कोणत्या वृत्तीने सांगितली जात आहे, याची प्रेक्षकास होणारी जाणीव म्हणजे चित्रपटाचा सूर. एखादा मनुष्य पाय घसरून पडला, ही घटना हास्याचीही होऊ शकते आणि कारुण्याचीही. कॅमेरा किती अंतरावर आहे, पार्श्वसंगीत आहे की शांतता आहे, पडणाऱ्याचा चेहरा किती वेळ दाखविला जातो, यावर ते ठरते. आपल्या परंपरेस ही कल्पना नवी नाही. भरताच्या नाट्यशास्त्रात आठ रसांची चर्चा आहे, शांतरसाची भर मागाहून पडली. आणि ‘रसभंग’ हा शब्द तर आपण घरगुती बोलण्यातही वापरतो. समीक्षक सुराविषयी जो प्रश्न विचारतो तो मुळात रसभंगाचाच आहे. मात्र एकाच रसाला चिकटून राहणे म्हणजे सूर सांभाळणे नव्हे. दोन वृत्ती एका प्रसंगात नांदू शकतात. प्रश्न एवढाच, की त्या एकमेकींना मारतात की तारतात.

गुलजार यांनी दिग्दर्शित केलेल्या ‘कोशिश’ (१९७२) या चित्रपटातील एक प्रसंग या दृष्टीने पाहण्यासारखा आहे. ऐकू न येणाऱ्या आणि बोलता न येणाऱ्या दांपत्याची ही कथा. पहिले मूल गमावलेल्या या आईबापांना दुसऱ्या मुलास ऐकू येते की नाही, याची धास्ती असते. ते बाळापुढे खुळखुळा हलवितात. बाळ ढिम्म राहते. दोघांवर आकाश कोसळते. आणि मग उलगडा होतो तो असा, की खुळखुळाच मुका आहे, त्यातून आवाजच येत नाही! प्रेक्षक हसतो, आणि हसत असतानाच त्याच्या लक्षात येते की आवाज नसलेला खुळखुळा ओळखणे या दोघांना शक्यच नव्हते. हसू आणि हुंदका एकाच कारणातून निघतात, म्हणून येथे रसभंग होत नाही. हाच प्रसंग एखाद्या विनोदी पात्राच्या तोंडी शेरा घालून संपविला असता, तर तो पात्रांची थट्टा करणारा ठरला असता.

राजेंद्रसिंह बेदी यांच्या ‘दस्तक’ (१९७०) मध्ये सुराची कसोटी वेगळ्या तऱ्हेने लागते. नवविवाहित जोडपे मुंबईत एका घरात राहावयास येते. त्या घरात पूर्वी एक नाचगाणे करणारी स्त्री राहत असल्याने जुनी गिऱ्हाइके रात्री-अपरात्री दार ठोठावत राहतात. विषय असा की तो सहज भडक होऊ शकला असता. बेदींनी भीतीचा सगळा भार दारावरच्या थापेवर ठेवला. दारावरची साधी टकटक हळूहळू धमकी बनते, आणि पत्नीचे निरागस गाणेही शेजाऱ्यांच्या कानी संशयास्पद होते. या चित्रपटासाठी आणि पुढे ‘कोशिश’साठी संजीवकुमार यांना अभिनयाचा राष्ट्रीय पुरस्कार लाभला.

गती

गतीविषयी सर्वाधिक गैरसमज आढळतो. गती म्हणजे वेग नव्हे. चित्रपटात घटना किती वेगाने घडतात यापेक्षा प्रेक्षकास कोणत्या क्षणी काय कळते, आणि पुढचे कळण्यापूर्वी त्यास किती थांबविले जाते, यावर गती अवलंबून असते. त्यातच आपल्याकडील चित्रपटास मध्यंतर असते. कथेला दोनदा शिखर गाठावे लागते आणि दोनदा नव्याने सुरुवात करावी लागते. परदेशी चित्रपटांची मोजपट्टी घेऊन भारतीय चित्रपटास ‘रेंगाळलेला’ म्हणणारे या व्यवस्थेचा विचार करीत नाहीत.

‘शोले’ (१९७५) हा तीन तासांहून अधिक लांबीचा चित्रपट. त्यात संजीवकुमार यांनी ठाकूर बलदेवसिंह यांची भूमिका केली. फिल्मफेअर पुरस्कारांत अनेक नामांकने मिळूनही या चित्रपटाच्या वाट्यास पुरस्कार आला तो एकच, आणि तो संकलनाचा : संकलक माधव शिंदे यांना. हा निवाडा त्या वेळी अनेकांना कोड्यात टाकणारा वाटला असेल. आज तो सर्वांत नेमका वाटतो. ठाकुरांच्या कुटुंबाची हत्या होते तो प्रसंग पाहावा. झोपाळ्याची करकर ऐकू येत राहते, एकेक माणूस कोसळताना चित्र क्षणभर गोठते, आणि सर्वांत धाकट्या मुलावर रोखलेल्या बंदुकीनंतर दृश्य तुटते ते थेट आगगाडीच्या आवाजावर. मृत्यू दाखविलेला नाही, तरी तो चुकविलेलाही नाही. दुसऱ्या टोकास, सायंकाळी वाड्याच्या सज्जात दिवे मालवीत जाणारी विधवा सून आणि खाली बसून तोंडाने बाजा वाजविणारा जय, हे दृश्य जवळजवळ स्थिर आहे. त्यात काहीही ‘घडत’ नाही. परंतु पूर्वीची हिंसा आणि पुढील हिंसा यांच्यामध्ये एवढी जागा मोकळी ठेवली नसती, तर जयच्या मृत्यूचे दुःख पडद्यावर त्या स्त्रीच्या वाट्यास आले असते; प्रेक्षकाच्या वाट्यास आले नसते.

मराठीतले अलीकडील उदाहरण चैतन्य ताम्हाणे यांच्या ‘कोर्ट’ (२०१४) या, सर्वोत्कृष्ट चित्रपटाचा राष्ट्रीय पुरस्कार मिळविणाऱ्या चित्रपटाचे. एका लोकशाहिरावरील खटल्याची ही कथा लांबून, बहुधा न हलणाऱ्या कॅमेऱ्यातून दिसते. तारखा पडत राहतात आणि प्रेक्षक अस्वस्थ होतो. तो अस्वस्थपणा हाच विषय आहे, म्हणून ही संथ गती योग्य. याउलट ज्या चित्रपटात रेंगाळण्याने काहीही उमगत नाही, तेथे ‘संयत’ हे विशेषण म्हणजे समीक्षकाने दाखविलेली दया समजावी.

नावीन्य

कथा कोठून घेतली, हा नावीन्याविषयीचा पहिला प्रश्न असतो. तो शेवटचा असता कामा नये. ‘अंगूर’ (१९८२) या चित्रपटाचे मूळ शेक्सपिअरच्या ‘कॉमेडी ऑफ एरर्स’ या नाटकात आहे. ते नाटक ईश्वरचंद्र विद्यासागर यांनी १८६९ मध्ये ‘भ्रांतिविलास’ या नावाने बंगालीत आणले, त्यावर १९६३ मध्ये उत्तमकुमार यांचा बंगाली चित्रपट झाला, आणि १९६८ मध्ये ‘दो दूनी चार’ हा हिंदी चित्रपट निघाला. त्याचे लेखन गुलजार यांचेच होते. तो चालला नाही. चौदा वर्षांनी त्याच लेखकाने तीच गोष्ट पुन्हा हाती घेतली, या वेळी दिग्दर्शक म्हणूनही, आणि हिंदीतील उत्तम विनोदी चित्रपटांत गणना होणारी कृती निर्माण केली. कथा तीच, लेखक तोच. मग नवे काय?

शेक्सपिअरच्या नाटकात परक्या नगरात आलेला तरुण सर्व गोंधळाचे खापर तेथील जादूटोण्यावर फोडतो. विसाव्या शतकातील भारतीय शहरात ते कारण पटणारे नव्हते. गुलजार यांनी या तरुणास रहस्यकथांचे वेड लावले. अनोळखी स्त्री त्याला ‘पती’ म्हणून हाक मारू लागताच त्यास टोळीचा कट दिसतो. प्रत्येक सौजन्यामागे त्याला सापळा जाणवतो. जादूटोण्याची जागा स्वस्त कादंबऱ्यांनी घेतली, आणि ते पात्र आपल्या गावातले झाले. संजीवकुमार आणि देवेन वर्मा या दोघांनीही दुहेरी भूमिका केल्या. येथेही एक बारकावा आहे. जुळ्यांमधील फरक दाखविण्यास वेश किंवा मिशा यांचा आधार न घेता संजीवकुमार यांनी तो स्वभावातून दाखविला : एक संसारात वैतागलेला, दुसरा सतत सावध. मूळ ऋण लपविण्याचा प्रयत्न येथे नाही. चित्रपटात शेक्सपिअरचे चित्रच दाखविले आहे आणि ते शेवटी डोळा मिचकावते.

‘कोशिश’ला प्रेरणा देणारा जपानी चित्रपट १९६१ मधील होता, हे सर्वश्रुत आहे, तरीही पटकथेचा राष्ट्रीय पुरस्कार गुलजार यांना मिळाला. ‘नया दिन नई रात’ (१९७४) मध्ये संजीवकुमार यांनी नऊ रसांना अनुसरून नऊ भूमिका केल्या, पण तो साचा शिवाजी गणेशन यांच्या ‘नवरात्री’ (१९६४) या तमिळ चित्रपटाचा होता. या दोन उदाहरणांना एकच माप लावणे अन्यायाचे होईल. पहिल्यात बीज घेऊन नव्या मातीत रोप वाढविले आहे. दुसऱ्यात झाड उचलून आणले आहे आणि श्रेय एकट्या अभिनेत्याच्या ताकदीस जाते. समीक्षकाने फरक करावयाचा तो येथे.

सत्यजित राय यांच्या ‘शतरंज के खिलाडी’ (१९७७) मध्ये तर प्रेमचंदांची मूळ कथाच बदललेली आहे. प्रेमचंदांचे दोन्ही खेळाडू अखेर एकमेकांस तलवारीने ठार मारतात. राय यांच्या चित्रपटात गोळी सुटते, पण प्राण कोणाचाच जात नाही, आणि दोघे पुन्हा पटाशी बसतात. १८५६ मध्ये अवध गिळंकृत होत असताना त्यांना मरणाचीही प्रतिष्ठा राय देत नाहीत. हा बदल मूळ कथेशी प्रतारणा आहे, असे मानणारे आहेत. परंतु कथेतील उपरोध येथे अधिक बोचरा झाला आहे, हे नाकारणे कठीण आहे.

फेरविचार

परीक्षण बहुधा प्रदर्शनाच्या आठवड्यात लिहावे लागते, ही या व्यवसायाची मर्यादा. ‘शोले’चे प्रारंभीचे अभिप्राय प्रतिकूल होते आणि व्यापारी वर्तुळातही तो बुडाल्याचे बोलले जात होते. तोच चित्रपट मुंबईच्या मिनर्व्हा चित्रपटगृहात पाच वर्षांहून अधिक काळ चालला. लोकप्रियतेने परीक्षण खोटे ठरते असे नव्हे. पाश्चात्त्य चित्रपटांचे आणि अकिरा कुरोसावा यांच्या ‘सेव्हन सामुराई’चे ऋण दाखविणारे चुकीचे बोलत नव्हते. त्यांचे एवढेच राहून गेले, की रामगढमधील शांत दृश्यांना त्यांनी लांबण मानले.

याच चित्रपटाच्या सुराविषयीचा एक प्रश्न मात्र पन्नास वर्षे अर्धवट राहिला. मूळ शेवटात ठाकूर गब्बरसिंगला स्वतः ठार करतात आणि सूड पूर्ण झाल्यावर कोसळून रडतात. आणीबाणीच्या त्या काळात परीक्षण मंडळाने यास आक्षेप घेतल्याने पोलीस येऊन ठाकुरांना थांबवितात, असा शेवट नव्याने चित्रित करावा लागला. प्रेक्षकांनी आणि समीक्षकांनी चर्चा केली ती या दुसऱ्या शेवटाची. २०२५ मध्ये इटलीतील बोलोन्या येथील महोत्सवात मूळ शेवटासह पुनरुज्जीवित प्रत दाखविण्यात आली. कायद्याच्या विजयाचा सूर आणि सूडानंतरच्या रितेपणाचा सूर, या दोहोंपैकी आधीच्या तीन तासांशी कोणता जुळतो, हे आता दोन्ही प्रती शेजारी ठेवून पाहता येते. आणि सुरतेच्या या अभिनेत्याने रंगविलेला ठाकूर अखेरच्या दृश्यात रडतो की थांबतो, यावर त्या भूमिकेचे सारे मूल्यमापन नव्याने करावे लागते.