गांजाला आकडा का नाही?

नाकाबंदीत पोलीस तोंडापुढे नळी धरतात, चालक फुंकतो आणि तळीरामाचा निकाल तिथल्या तिथे लागतो. १०० मिलिलिटर रक्तात ३० मिलिग्रॅमहून जास्त अल्कोहोल निघाले, की मोटार वाहन कायद्याचे कलम १८५ लागू. याच कलमात अमली पदार्थही येतात, पण त्यांच्यापुढे आकडा नाही. वाहनावर नीट ताबा ठेवता येणार नाही इतका अंमल असावा, एवढेच म्हटले आहे. यात कायदा लिहिणाऱ्यांचा आळस शोधू नये. घोळ गांजाच्या रसायनात आहे.

अल्कोहोल पाण्यात विरघळते. रक्तातून ते मेंदूत जाते तसेच फुफ्फुसातल्या हवेतही उतरते, आणि यकृत ते बऱ्यापैकी ठरावीक वेगाने संपवते. म्हणूनच श्वासावरून रक्ताचा आणि रक्तावरून नशेचा अंदाज बांधता येतो. गांजात नशा आणणाऱ्या टीएचसी या घटकाला पाण्याचे वावडे. त्याची ओढ चरबीकडे. झुरका घेताच रक्तातले त्याचे प्रमाण टोक गाठते आणि तासाभरात कोसळते. नशा मात्र दोन-तीन तास टिकते. रोज ओढणाऱ्याच्या बाबतीत नेमके उलटे: नशा केव्हाच उतरलेली, पण चरबीतून टीएचसी दिवसेंदिवस रक्तात झिरपतच असते. अमेरिकेतल्या वॉशिंग्टन राज्याने २०१२ मध्ये रक्तातल्या टीएचसीवर मिलिलिटरमागे ५ नॅनोग्रॅमची मर्यादा घातली खरी, पण त्या आकड्यावरून गाडी कशी चालेल हे कळत नाही.

‘दारू प्यालेला गाडी पळवतो, गांजावाला हळू चालवतो, म्हणजे गांजा बरा,’ हा कट्ट्यावरचा युक्तिवाद अर्धाच खरा आहे. आयोवा विद्यापीठातल्या ड्रायव्हिंग सिम्युलेटरवर गांजा ओढलेले चालक खरोखरच वेग कमी ठेवत होते. पण त्यांची गाडी आपल्या मार्गिकेत डुलत होती, आणि वेग कमी केल्याने ते डुलणे थांबत नाही. सॅन दिएगोत नियमित ओढणाऱ्या १९१ जणांवर केलेला, २०२२ मध्ये प्रसिद्ध झालेला प्रयोग तर अधिक काळजीचा. दीड तासानंतर बहुतेकांना आपण गाडी चालवायला ठीक आहोत असे वाटू लागले होते. चालवणे मात्र सुधारले नव्हते. रक्तातल्या टीएचसीशी त्या चुकांचा मेळही बसला नाही.

दारू आणि गांजा एकत्र घेतले की परिणामांची बेरीज होते, हेही आयोवात दिसले. आपल्याकडे नळी त्यातला एकच हिशेब मांडते. गांजासोबत थोडी बिअर घेतलेल्याचा आकडा २५ आला, तर यंत्राच्या लेखी तो शुद्धीवर आहे.