डिपॉझिट आमच्या घामाचे, घरमालकाची मेहेरबानी नव्हे!

पाथर्डी तालुक्यातल्या एका ऊसतोड मजुराची मुलगी नगरला सावेडीत खोली घेऊन नर्सिंग शिकत होती. डिपॉझिट दहा हजार रुपये. बापाने मुकादमाकडून घेतलेल्या उचलीतून ते रोख भरले होते. आडनावावरून जात कळली नाही तोवर सारे ठीक होते. पुढे भिंतीवर बाबासाहेबांचा फोटो लागला आणि महिनाभरात घरमालकाला खोलीची गरज पडली! मुलीने किल्ली देऊन डिपॉझिट मागितले, तर उत्तर मिळाले, "ते रंगात गेले. तुझ्याकडे पावती आहे का?"

बाप आमच्याकडे आला तो पैशासाठी नव्हे. "वकीलसाहेब, पैसे गेले तर जाऊ द्या, पण तक्रार केली म्हणून पोरीला दुसरी खोली कुणी दिली नाही तर?" हा त्याचा प्रश्न होता. १९१७ साली अमेरिका-इंग्लंडात शिकून आलेल्या बाबासाहेबांना बडोद्यात राहायला जागा मिळाली नाही, पारशी धर्मशाळेतून बाहेर पडावे लागले. शंभर वर्षांनंतरही आमचा माणूस खोली जाईल या भीतीने हक्काचे पैसे सोडतो. ही भीतीच घरमालकाचे खरे भांडवल आहे.

खोली जातीमुळे गेली हे आम्हाला कळते, पण कोर्टात सिद्ध करणे कठीण. पैशाचे तसे नाही. दिलेले पैसे सिद्ध करता येतात आणि कायदाही भाडेकरूच्या बाजूने बोलतो.

महाराष्ट्र भाडे नियंत्रण कायदा १९९९ चे कलम ५५ प्रत्येक भाडेकरूने पाठ करावे. भाडेकरार लेखी आणि नोंदणीकृत हवा आणि नोंदणीची जबाबदारी घरमालकाची आहे. त्याने ती टाळली तर तीन महिन्यांपर्यंत कैद किंवा पाच हजारांपर्यंत दंड, किंवा दोन्ही. त्याहून महत्त्वाचे म्हणजे नोंदणीकृत करार नसेल, तर अटींबाबत भाडेकरूचे म्हणणे ग्राह्य धरले जाते. ते खोटे ठरवायचे तर पुरावा घरमालकाने द्यायचा. नुसती नोटरी म्हणजे नोंदणी नव्हे, हेही लक्षात ठेवा. घेतलेल्या रकमेची पावती देणे हेसुद्धा घरमालकाचेच कर्तव्य आहे. मग "पावती आहे का?" हा प्रश्न खरे तर कुणी कुणाला विचारायचा?

रंगाचे म्हणाल तर मालमत्ता हस्तांतरण कायदा १८८२ च्या कलम १०८ प्रमाणे भाडेकरूने जागा होती तशी परत द्यायची, पण रोजच्या वापराने होणारी झीज त्यातून वगळली आहे. भिंत जुनी होणे हा भाडेकरूचा गुन्हा नाही. मोडतोड केली असेल तर खर्च जरूर कापावा, पण बिल दाखवून.

पोलीस अशा तक्रारीला 'दिवाणी बाब' म्हणतात आणि बहुतेक वेळा ते बरोबरही असते. म्हणून वाट दिवाणीच धरावी. आम्ही त्या घरमालकाला नोटीस पाठवली. रोखीची पावती नव्हती, पण "डिपॉझिट मिळाले" हा त्याचाच संदेश मुलीच्या फोनमध्ये होता. नोटिशीनंतर तिसऱ्या आठवड्यात दहा हजार परत आले.

बंधू-भगिनींनो, खोली घेतानाच नोंदणीकृत करार मागा आणि त्यात डिपॉझिटचा आकडा व परतीची मुदत लिहून घ्या. पैसे शक्यतो बँकेतून द्या. आत जाताना आणि बाहेर पडताना खोलीचे फोटो काढा. किल्ली दिल्याची तारीख लेखी ठेवा. तरीही पैसे अडले तर नोटीस द्या आणि दावा तीन वर्षांच्या आत दाखल करा, नाहीतर मुदत जाते.

वकिलाच्या फीची धास्ती नको. विधी सेवा प्राधिकरण कायदा १९८७ च्या कलम १२ नुसार अनुसूचित जाती-जमातींच्या व्यक्ती आणि सर्व स्त्रियांना उत्पन्न न पाहता मोफत वकील मिळतो. जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाकडे अर्ज करा. लोक अदालतीत तडजोड झाली तर तिला कोर्टाच्या हुकूमनाम्याचे बळ असते.

केंद्राने २०२१ मध्ये मंजूर केलेल्या आदर्श भाडेकरू कायद्यात राहत्या घराचे डिपॉझिट दोन महिन्यांच्या भाड्यापुरते ठेवले आहे आणि ताबा घेतानाच वजावट करून ते परत द्यायचे आहे. पण राज्याने स्वीकारल्याशिवाय तो लागू होत नाही. महाराष्ट्राने निदान ही एक तरतूद कायद्यात आणावी, ही आमची मागणी आहे.

ती मुलगी आता दुसऱ्या खोलीत राहते. करार नोंदवलेला आहे आणि भिंतीवर फोटोही आहे.

जयभीम!